गांडुळांची पेटी: डार्विनची कुंडी ते आपली बाल्कनी

आजचा विषय गांडुळं, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून. मागच्या पावसाळ्यात मी सोसायटीच्या बागेतून चाळीसेक गांडुळं गोळा केली. रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात सोडली, वर आठवड्याचा ओला कचरा ओतला आणि झाकण लावलं. डब्याला भोकं पाडलीच नव्हती. पाचव्या दिवशी उघडलं तर नाक धरायची वेळ! एकही गांडूळ जिवंत नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "मुक्या जिवांना मारलंस की रे." ते लागलं. मग कुठं चुकलं हे शोधत बसलो आणि पोचलो थेट १८३७ सालात.

बीगल जहाजाच्या सफरीवरून परत येऊन डार्विनला तेव्हा वर्षच झालं होतं. वय २८, म्हणजे जवळपास माझंच. इंग्लंडमध्ये मेअर इथं राहणाऱ्या त्याच्या मामांनी, जोसाया वेजवूड यांनी, त्याला आपली कुरणं दाखवली. तिथं काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आता गवताखाली काही इंच खोल गेला होता. मामा म्हणाले, हे गांडुळांचं काम. ती खालची माती खातात आणि विष्ठा वर आणून टाकतात, म्हणून वरची वस्तू हळूहळू गाडली जाते. त्याच नोव्हेंबरात डार्विनने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे यावर निबंध वाचला.

पण तेवढ्यावर गडी थांबला नाही. १८४२ मध्ये त्याने डाऊन गावातल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि वाट बघितली. किती? तब्बल २९ वर्षं! १८७१ मध्ये चर खणला तेव्हा खडूचा थर ७ इंच खाली सापडला. आम्ही इकडे दोन दिवसांत टेस्टिंग उरकतो!

घरात कुंड्यांमध्येही त्याने गांडुळं पाळली. त्यांच्यासमोर पियानो वाजवून झाला, मुलाने बसून नावाचं वाद्य वाजवलं, तरी ती ढिम्म. कुंडी पियानोवरच ठेवली तेव्हा मात्र कंपनं जाणवली आणि ती झटकन बिळात शिरली. त्यांना काय खायला आवडतं, उजेड चालतो का, सगळं तपासलं. हे १८८१ च्या पुस्तकात आलं. पुढच्याच एप्रिलमध्ये डार्विन गेला.

आता माझी चूक बघा. डार्विनची गांडुळं मातीत बिळं करणारी होती. बागेतून मी आणलेलीही बहुतेक तशीच, मातीत राहणारी. कचरा फस्त करणारी मंडळी वेगळी: लाल, बारीक, शेणात आणि कुजलेल्या पाल्यात वरच्या थरात राहणारी. शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा.

हा फरक स्वयंपाकघरापर्यंत आणणाऱ्यांत एक नाव मोठं आहे, मेरी ॲपलहॉफ. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका. तिथल्या कडक थंडीतही कचरा घरातच जिरवायचा होता, म्हणून १९७० च्या दशकात बाईंनी मासेमारीच्या आमिषासाठी विकली जाणारी लाल गांडुळं मागवली आणि तळघरात पेटी मांडली. १९८२ मध्ये त्यांचं 'वर्म्स ईट माय गार्बेज' हे पुस्तक आलं. त्यांचा हिशोब सोपा: आठवड्याला साधारण अर्धा किलो कचरा असेल तर पेटीला १ चौरस फूट जागा हवी. पेटी खोल नको, पसरट हवी, कारण ही गांडुळं वरवरच जगतात.

दुसऱ्या वेळी मी भंगारवाल्याकडून पसरट टब आणला. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाला आणि बाजूंना भोकं पाडली. खाली नारळाच्या शेंड्या, वर ओल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि मूठभर जुनं शेणखत. पट्ट्या पिळल्या तर एखाद-दुसरा थेंब पडावा, एवढीच ओल. गांडुळं नर्सरीतून आणली. कचरा थोडा थोडा, पट्ट्यांखाली पुरून. लिंबाची सालं, तेलकट आणि खारट काही नाही. वर ओलं गोणपाट. मुंग्या येऊ नयेत म्हणून टब विटांवर ठेवला आणि विटा पाण्याच्या ताटल्यांत.

खर्च झाला तो गांडुळांचाच. टब तर फुकटात पडल्यासारखा. खरी किंमत बघण्याची आहे: रोज झाकण उचलायचं, वास घ्यायचा, ओल तपासायची. डार्विनने ती चाळीसहून जास्त वर्षं मोजली, मी पाच दिवससुद्धा मोजली नव्हती.

तुम्ही करणार असाल तर आधी भोकं पाडा, मगच गांडुळं आणा. भेटू पुढच्या भागात!