शंकेला उत्तर मिळते का? मुक्त विद्यापीठाची वाटचाल

कोकणातल्या हर्णे बंदराच्या शेजारचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. किशोरवयात ते सोबत्यांबरोबर सरकारी परीक्षेसाठी इथून पायी साताऱ्याला गेले. घाट चढून पोचल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. शिकायचे तर आधी वाट तुडवायची, हा या किनाऱ्याचा जुना अनुभव आहे. म्हणूनच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाटचाल इथे उभे राहून पाहावी.

1 जुलै 1989 रोजी नाशिकला हे विद्यापीठ स्थापन झाले. देशातले हे पाचवे मुक्त विद्यापीठ. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषवले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन विद्यापीठाने संसारात शिक्षण राहून गेलेल्या गृहिणीला, पाळीवर जाणाऱ्या कामगाराला, शेतकऱ्याला दार उघडले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आणला. तो पूर्ण केला की पदवीची वाट मोकळी होत असे. शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले, हे इथल्या घराघरांत मुकाट्याने मान्य केलेले गणित या एका निर्णयाने खोटे ठरवले.

प्रवेश देणे त्या मानाने सोपे होते. काही लाख विद्यार्थ्यांशी बोलायचे कसे, हा खरा प्रश्न होता. त्याचे पहिले उत्तर म्हणजे स्वयंअध्ययनाचे पुस्तक. मुक्त शिक्षणातले असे पुस्तक उघडले की घटकाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टे दिसतात: हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय सांगता येईल. मग प्रास्ताविक, नंतर विवेचन. पण ते सलग नाही. दोन-चार पानांवर मजकूर थांबतो आणि प्रश्न विचारतो. उत्तरे घटकाच्या शेवटी असतात, म्हणजे आपले आपल्याला ताडून पाहता येते. पुढे सारांश, स्वाध्याय आणि पुष्कळदा गावात फिरून करायचे क्षेत्रीय कार्य. समोर शिक्षक नसताना शिक्षकाने मध्येच थांबून ‘कळले का?’ विचारावे, याची सोय अशी छापील पानातच केलेली असते.

दुसरे उत्तर म्हणजे समंत्रक, म्हणजेच शंका सोडवणारा शिक्षक. विद्यापीठाने नव्या इमारती उभारत न बसता चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली आणि सुटीच्या दिवशी तिथे संपर्क सत्रे भरू लागली. आठवडाभर फळ्यापुढे व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाने त्या दिवशी आधी समोरच्याची शंका ऐकायची, अशी ही अपेक्षा आहे. ती अवघड आहे. समोर बसलेली व्यक्ती कधी वयाने मोठी असते, कामाचा अनुभव घेऊन आलेली असते. तिला पुस्तक वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. जिथे समंत्रकाला हे उमगते तिथे विद्यार्थी पुढच्या सत्राला परत येतो. जिथे सत्राचे नुसते व्याख्यान होते तिथे बाके रिकामी पडतात.

योगायोग असा, की त्याच 1989 साली मायकेल मूर या अमेरिकेतल्या अभ्यासकाने दूरशिक्षणातल्या संवादाचे तीन धागे मांडले: विद्यार्थ्याचा पाठाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. आपल्याकडे पहिला धागा पुस्तकाने, दुसरा समंत्रकाने सांभाळला. तिसरा मात्र कच्चा राहिला.

पुढे संगणकाचा पडदा आला. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या त्याच्या संगणक अभ्यासक्रमामुळे तालुक्या-तालुक्यात संगणकावरचा पाठ आणि शेजारी मदतीला शिक्षक अशी घडी बसली. 2011 साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवले. पूर्ण केला तो साधारण 23,000 जणांनी. 2017 साली केंद्र सरकारचे ‘स्वयम’ सुरू झाले. 2020 च्या टाळेबंदीत तर सगळ्यांनाच पडद्याचा आसरा घ्यावा लागला. या काळात एक गोष्ट पक्की झाली: चित्रफीत लाखांना दाखवता येते, पण लाखांना टिकवून धरायला चित्रफीत पुरत नाही.

यावर उपाय म्हणून मुंबईच्या आयआयटीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी विद्यार्थीकेंद्री ऑनलाइन वर्गाचा आराखडा मांडला. त्यात चित्रफीत मध्येच थांबते, प्रश्न विचारते, विद्यार्थ्याने विचार केल्यावर पुढे सरकते. करून पाहायचे सराव आणि त्यांवर लगेच अभिप्राय असतो. सहाध्यायींची चर्चाही नेमका प्रश्न देऊन घडवून आणली जाते. थांबून विचारणारे छापील पान ज्यांनी वापरले आहे, त्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. नवा आहे तो तिसरा धागा, आणि मुक्त विद्यापीठाने तो आता हाती घ्यायला हवा.

हर्णे बंदरात हे कसे दिसेल? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, खलाशाच्या हाती वेळ असतो आणि मोबाइलही असतो. एरवी संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात अडकलेल्या बाईला सात वाजताचे ऑनलाइन सत्र काय उपयोगाचे? सत्राची वेळ बंदराच्या घड्याळाने ठरली पाहिजे. एकाच गावातल्या, एकाच अभ्यासक्रमाच्या पाच-सहा जणांचा गट विद्यापीठाने स्वतःहून जुळवून दिला पाहिजे. एका समंत्रकाकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा हवी आणि विचारलेल्या शंकेला किती दिवसांत उत्तर मिळेल हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यायला हवे.

तीन दशकांहून अधिक काळात या विद्यापीठाने दारे उघडली, पुस्तके घरी पोचवली, माणसे जोडली. ताकवले सर 2023 साली गेले. त्यांनी घालून दिलेली वाट पुढे न्यायची तर वार्षिक अहवालात प्रवेशसंख्येच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: किती शंका आल्या आणि त्यांतल्या कितींना उत्तर मिळाले. घरोघरी पोचलेली ज्ञानगंगा त्या रकान्यावरून मोजावी.