वाऱ्याची दुसरी वाट

कारखान्यांतील दूषित हवा पंख्यानें बाहेर काढितां येते. परंतु तिच्या जागीं तितकीच नवी हवा आंत आली नाहीं, तर पंखा नुसता फिरत राहतो. या साध्या नियमाचें दारुण प्रत्यंतर इंग्लंडमधील हार्टले येथील कोळशाच्या खाणींत आलें. खाणीस विहीर एकच. मध्यें लांकडी पडदा घालून एका अंगानें ताजी हवा उतरे, दुसऱ्या अंगानें दूषित हवा चढे. १६ जानेवारी १८६२ रोजीं पंपाच्या एंजिनाची बिडाची तुळई मोडून विहिरींत कोसळली. पडदा तुटला, विहीर बुजली, दोन्ही वाटा एकदम मिटल्या. २०४ माणसें व मुलें गतप्राण झालीं. बहुतेकांचा घात विषारी वायूनें केला. त्याच वर्षीं पार्लमेंटनें खाणीस दोन विहिरी आवश्यक ठरविल्या. कारखान्यांत हवा आंत घेणारा पंखा बसवितात, त्यामागें हेंच तत्त्व आहे.