गळकाठीचे वेढे

गळानें मासे धरण्याच्या छंदाविषयीं इंग्रजी भाषेंत जें वाङ्मय आहे, त्याची परंपरा बरीच जुनी आहे. विंकिन द वर्डी यानें इ. स. १४९६ मध्यें छापलेल्या एका निबंधांत काठी कशी तयार करावी हें सविस्तर सांगितलें आहे. आयझॅक वॉल्टन याचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. अशा ग्रंथांत वाचकाचें लक्ष साहजिकच माशाकडे जातें. परंतु काठीवरील दोऱ्याचे वेढे, त्यांवरील लेप, आणि या कामांत झालेली चूक सुधारण्याची रीत, यांचाही एक इतिहास आहे. वस्तु कशी घडते एवढेंच त्यावरून कळतें असें नाहीं. बिघडलेल्या कामांतून कारागिरास मागें कितपत येतां येतें, हेंही कळतें.

अमेरिकेंतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा बंदुका करणारा कारागीर होता. १८४० नंतरच्या दशकांत त्यानें बांबूच्या कामट्या तासून, त्या सरसानें जोडून काठीचीं टोंकें तयार केलीं. १८७० नंतर बँगर येथील हायरम लेनर्ड यानें सहा कामट्यांच्या काठीस मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या काळीं या कामास लागणारा वेळू आपल्याकडून कलकत्त्याच्या मार्गें जात असे व त्याच नांवानें ओळखला जाई. पुढें दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतील बांबूनें त्याची जागा घेतली. जनावरांपासून काढलेला सरस ओलाव्यानें सुटतो. तेव्हां कामट्या उकलूं नयेत म्हणून ठिकठिकाणीं रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे देणें प्राप्त होतें. ज्या कड्यांतून दोर धांवतो, त्याही याच वेढ्यांनीं काठीस बांधल्या जात. अर्थात् हा दोरा केवळ शोभेचा नव्हे. काठीचें बळ कांहीं अंशीं त्यावरच अवलंबून होतें.

वेढे देतांना कडीचा पाय कानशीनें निमुळता करतात. तसें न केल्यास दोरा त्यावर चढतांना फट पडते. ही फट वार्निश लावण्यापूर्वीं गुळगुळीत हाडानें किंवा नखाच्या पाठीनें दोरा सरकवून बुजवितां येते. दोऱ्याचे सुटलेले तंतु स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झरकन् फिरविल्यानें जळून जातात. कडी रेषेंत नसेल तर तीही याच वेळीं हलवावी. पहिलें पुट वाळलें म्हणजे हे सर्व उपाय संपतात.

वार्निश शोषून रेशीम पारदर्शक होतें व त्याचा रंग काळवंडतो. म्हणून रंग राखूं इच्छिणारे आधीं लाखेचा पातळ हात देतात. पुट जाड दिल्यास वरची कातडी वाळते, आंतील भाग ओला राहतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. याकरितां पातळ पुटें, आणि प्रत्येक दोन पुटांमध्यें पुरता अवकाश, हा नियम पडला. धूळ बसली तर पूर्ण वाळूं देऊन बारीक पाणकागदानें घासावें व पुन्हां हात द्यावा. सारेंच बिघडलें तर दोरा कापून काढावा, बांबू खरवडावा आणि नवे वेढे द्यावेत. लाख स्पिरिटांत विरघळते, वार्निश खरवडलें जातें. म्हणून आजोबांच्या काठीस नातवानें नवा दोरा घालणें शक्य होई.

दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंच्या काठ्या आल्या. १९५० मध्यें अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केल्यानें बांबूचा पुरवठाही तुटला. १९७३ मध्यें फेनविक कंपनीनें कार्बन तंतूंची काठी बाजारांत आणली. आतां बहुधा नायलॉनचा दोरा वापरतात व त्यावर इपॉक्सी राळ लावतात. तिचीं एक-दोन पुटें वार्निशाच्या अनेक पुटांचें काम करतात. श्रम वांचतात हें निर्विवाद. मात्र तिच्या चुका निराळ्या. दोन द्रव्यें चुकीच्या प्रमाणांत मिसळलीं तर लेप चिकटच राहतो. त्यावर योग्य प्रमाणाचें दुसरें पुट दिल्यास पुष्कळदां निभावतें. काठी सावकाश फिरवीत न ठेवल्यास लेप एका बाजूस ओघळतो व मध्यें फुगवटा येतो. तो वाळल्यावर पात्यानें हलकेच तासून, घासून, पातळ पुट द्यावें लागतें. बुडबुडे मंद उष्णतेनें फुटतात. बोटांचें तेल राहिलें तर लेपांत खळगे पडतात, म्हणून काठी आधीं स्पिरिटनें पुसून घेतात.

परंतु मुळापासून पुन्हां करण्याचा प्रसंग आला म्हणजे जुन्या व नव्या रीतींतील खरा भेद दिसतो. कडक झालेली राळ उष्णतेनें नरम करून कापावी लागते, आणि पातें कार्बनच्या नळीस किंचित् लागलें तरी, डोळ्यास न दिसणाऱ्या त्या चिरेपाशीं काठी पुढें ताणाखालीं मोडण्याचा धोका असतो. म्हणून जाणते कारागीर कडीच्या धातूच्या पायावरच कापतात, नळीवर कधींही नाहीं. बांबूवर जें काम धीरानें होई, त्यास येथें निष्णात हात लागतो. नव्या लेपास यामुळें कमी लेखण्याचें कारण नाहीं. तो टिकाऊ आहे आणि पाण्यास दाद देत नाहीं. तथापि त्याची चकाकी व त्याचा टिकाऊपणा पाहतांना, त्याखालील काम पुन्हां हातीं घेणें किती कठीण झालें आहे, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे. जुन्या कारागिरांनीं ही सोय आपल्या लेपांतच ठेवली होती. नव्या कारागिरानें ती लेप लावण्यापूर्वींच्या पाहणींत ठेवावयाची आहे.