बाराशेचा आकडा : थ्री माइल आयलंड, मार्च १९७९

आजचा धागा एका आकड्याविषयी आहे. ३० मार्च १९७९ रोजी सकाळी आठच्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका हेलिकॉप्टरमधून किरणोत्साराची एक नोंद घेण्यात आली : ताशी १,२०० मिलिरेम. दोन तासांच्या आत हा आकडा थेट राज्यपालांच्या निर्णयकक्षेत पोहोचला. पुढच्या काही दिवसांत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे घरे बंद करून निघून गेली. आकडा खोटा नव्हता, कोणी फुगवलेलाही नव्हता. तरी त्याचा जो अर्थ लावला गेला तो साफ चुकीचा होता.

आपल्याकडे असा विषय निघाला की ‘ध चा मा’ आठवतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची ती आख्यायिका ऐतिहासिक कसोटीवर कितपत टिकते, हा वेगळा वाद आहे. पण तिच्यात निदान अक्षर तरी बदलते. इथे एकही अक्षर बदलले नाही. आकड्याला चिकटलेला पत्ता तेवढा वाटेत गळून पडला.

आधी स्थळ. ससक्वेहाना नदीतील थ्री माइल आयलंड हे बेट राजधानी हॅरिसबर्गपासून सुमारे १६ किलोमीटरवर आहे. तेथे मेट्रोपॉलिटन एडिसन या कंपनीच्या दोन अणुभट्ट्या होत्या. २८ मार्चच्या पहाटे चार वाजता दुसऱ्या भट्टीला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब वाढताच एक सुटका-झडप ठरल्याप्रमाणे उघडली. मात्र दाब उतरल्यावर ती बंद झाली नाही. नियंत्रणकक्षातील दिव्यावरून ‘झडप बंद’ असे वाटत होते, कारण तो दिवा झडपेची अवस्था दाखवतच नव्हता, बंद होण्याचा संकेत गेला की नाही एवढेच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि इंधन उघडे पडले. गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला होता, हे कळायला पुढे कित्येक वर्षे गेली. यंत्रशास्त्राची ही बाजू अनेकांनी लिहिली आहे. मला त्या झडपेपेक्षा पुढच्या दोन दिवसांतील निरोपांत अधिक रस आहे.

इंधनाच्या सळ्या फुटल्या की त्यांत साठलेले वायू मोकळे होतात. त्यांत दोन जाती महत्त्वाच्या. एक आयोडीन-१३१ : तो गवतावर बसतो, गायीच्या दुधात उतरतो, मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठतो. सुदैवाने तो पाण्यात आणि कोळशाच्या गाळण्यांत बराच अडकतो. दुसरी जात झेनॉन आणि क्रिप्टॉन या निष्क्रिय वायूंची. ते कशाशीही संयोग पावत नाहीत. म्हणून त्या गाळण्यांना ते दाद देत नाहीत, आणि शरीरातही टिकून राहत नाहीत. ढग डोक्यावरून जाईपर्यंत त्याचे किरण अंगावर पडतात. ढग गेला की संपले. झेनॉन-१३३ चे अर्धायुष्य सव्वापाच दिवसांचे आहे. म्हणजे या वायूंची मोजणी जी व्हायची ती तेव्हाच व्हायला हवी. उद्या जाऊन माती खणावी तर पुरावा उरलेला नसतो.

थ्री माइल आयलंडमध्ये नेमकी हीच मोजणी हुकली. दूषित पाणी शेजारच्या सहायक इमारतीतील नळ्या-टाक्यांतून फिरत होते. त्यातील वायू गळतीवाटे खोल्यांत आणि तेथून हवेबरोबर चिमणीतून बाहेर जात होते. चिमणीत मापकयंत्र होते, पण ते रोजच्या किरकोळ उत्सर्जनासाठी बेतलेले. अपघातात त्याचा काटा मोजमर्यादेच्या पार गेला आणि पुढचे त्याला काही सांगता येईना. जी नोंद इतिहासाला सर्वांत मौल्यवान ठरली असती, तिच्याच जागी कोरी पट्टी आहे.

कळवण्याची व्यवस्था तर त्याहून दुबळी होती. सकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी प्रकल्पाने सर्वसाधारण आणीबाणी जाहीर केली. संघराज्याच्या अणुनियामक आयोगाचे विभागीय कार्यालय किंग ऑफ प्रशिया या गावी होते. तिथे पहिला फोन गेला तेव्हा कार्यालय उघडलेलेच नव्हते. निरोप घेणाऱ्या सेवेने तो टिपून घेतला. अकराच्या सुमारास उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन यांनी पत्रकारांना सारे आटोक्यात असल्याचे सांगितले, कारण कंपनीने त्यांना तसेच कळवले होते. दुपारी त्यांना उमगले की मधल्या वेळेत कंपनीने वाफ हवेत सोडली होती आणि त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. कंपनीचे उपाध्यक्ष जॅक हर्बाइन यांचे स्पष्टीकरण थोडक्यात असे, की तो विषय निघालाच नाही. संध्याकाळच्या आत स्क्रँटन पुन्हा पत्रकारांसमोर आले आणि कंपनीने आधी भासवले त्यापेक्षा परिस्थिती गुंतागुंतीची आहे, असे त्यांनी उघड सांगितले. सकाळचे आपलेच विधान त्याच दिवशी मागे घेणे राजकारण्याला सोपे नसते. या प्रकरणात स्क्रँटन यांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

आता शुक्रवार, ३० मार्च. एका टाकीतील दाब वाढत होता. तिच्यातील वायू साठवण-टाकीत वळवायचा, तर वाटेतल्या गळतीतून काही बाहेर जाणार हे संचालन पर्यवेक्षक जेम्स फ्लॉइड यांना ठाऊक होते. त्यांनी सातनंतर थोड्याच वेळात वायू वळवायला सुरुवात केली आणि मोजणीसाठी हेलिकॉप्टर वर पाठवले. हेलिकॉप्टर चिमणीच्या तोंडापासून सुमारे १३० फूट उंचीवर असताना १,२०० मिलिरेमची नोंद झाली. त्या भागात माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणारी मात्रा तेव्हा शंभर ते सव्वाशे मिलिरेम धरली जाई. म्हणजे त्या जागी तासभर कोणी तरंगत राहिले असते, तर दहा-बारा वर्षांचा वाटा त्याला एका तासात मिळाला असता. पण तिथे राहत कोण होते? खाली येईपर्यंत वायू पसरून विरळ होतो, आणि प्रकल्पाच्या कुंपणापाशी, जमिनीवर घेतलेल्या नोंदी याच्या कितीतरी पटींनी कमी होत्या.

इकडे वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे आयोगाच्या आपत्कालीन कक्षात वेगळेच गणित चालले होते. साठवण-टाक्या भरल्या आणि त्यांतील वायू थेट सुटू लागला तर जमिनीवर किती मात्रा मिळेल, असा प्रश्न लेक बॅरेट या अभियंत्याला विचारण्यात आला. त्याने आकडेमोड करून उत्तर दिले : ताशी १,२०० मिलिरेम. आणि काही सेकंदांतच प्रकल्पाकडून निरोप आला की १,२०० ची नोंद झाली आहे!

कक्षातील लोकांना वाटले, गणित खरे ठरले. एक आकडा चिमणीच्या तोंडावरचा आणि प्रत्यक्ष मोजलेला. दुसरा जमिनीवरचा आणि निव्वळ कल्पित प्रसंगाचा. ‘कुठे मोजले?’ हा प्रश्न त्या घटकेला निर्णायक ठरला नाही. त्यांना आज हसणे सोपे आहे. दोन दिवस ज्यांना धड माहिती मिळत नव्हती, त्यांच्या हाती अचानक परस्परांना दुजोरा देणाऱ्या दोन गोष्टी आल्या, तर माणूस त्यांवर विश्वास ठेवणारच. दोन स्वतंत्र साधनांत एकच मजकूर सापडला की आपण इतिहासाचे विद्यार्थीही असेच हुरळतो.

आयोगातर्फे हॅरॉल्ड कॉलिन्स यांनी राज्याच्या आपत्ती विभागाला फोन करून वाऱ्याच्या दिशेने दहा मैलांपर्यंत लोक हलवण्याची शिफारस केली. राज्याच्या किरणोत्सार संरक्षण विभागाचे प्रमुख टॉमस गेरुस्की यांच्याकडे जमिनीवरच्या नोंदी होत्या आणि हलवण्याचे काही कारण त्यांना दिसत नव्हते. पण ते सांगायचे कोणाला? फोन लागेनात. शेवटी खरी नोंद पोहोचवण्यासाठी माणसे पायी धावत सुटली. अणुयुगातला हा प्रसंग मला विलक्षण वाटतो.

राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांच्यापुढे आता दोन सरकारी यंत्रणांचे दोन परस्परविरोधी सल्ले होते. त्यांनी आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेंड्री यांच्याशी बोलून आधी दहा मैलांतील लोकांना घरातच राहायला सांगितले. दरम्यान हॅरिसबर्गमध्ये भोंगा वाजला आणि रस्त्यांवर गोंधळ उडाला. दुपारी साडेबाराला राज्यपालांनी पाच मैलांतील गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी बाहेर जावे, असा सल्ला दिला. हा सल्ला खरे तर काही हजारांपुरता होता. परंतु आई आणि तान्हे मूल निघाले की मागे कोण राहणार? त्याच दिवशी हेंड्री आपल्या सहकाऱ्यांपाशी म्हणाले, की राज्यपाल आणि आपण दोघेही आंधळ्यासारखे चाचपडत निर्णय घेत आहोत. बैठकीच्या नोंदीत ते बोलणे उतरले आणि पुढे प्रसिद्ध झाले.

संध्याकाळपर्यंत आयोगाचे हॅरॉल्ड डेंटन प्रकल्पावर पोहोचले आणि तेथून पुढे अधिकृत माहिती एकाच तोंडून येऊ लागली. हायड्रोजनच्या बुडबुड्याची भीती अजून दोन दिवस टिकली. ती कथा पुन्हा कधीतरी.

मग प्रत्यक्षात वायू किती सुटला? चिमणीचे मापक गप्प झाले होते, म्हणून शास्त्रज्ञांना उलट्या दिशेने जावे लागले. प्रकल्पाच्या परिसरात कंपनीने आधीपासून वीसेक ठिकाणी छोटे स्फटिक टांगलेले होते. हे टीएलडी नावाचे स्फटिक किरणोत्साराची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर ती प्रकाशरूपाने परत देतात. त्यांवरून आणि वाऱ्याच्या नोंदींवरून अंदाज बांधले गेले. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या, गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या आयोगाने निष्क्रिय वायूंचे उत्सर्जन २४ लाख ते १ कोटी ३० लाख क्युरी आणि आयोडीनचे अवघे १३ ते १७ क्युरी इतके मानले. पहिल्या आकड्यातील दोन टोकांमधले अंतर पाहा. त्या कोऱ्या पट्टीची ही किंमत. एका संशोधकाने तर हॅरिसबर्ग परिसरातील दुकानांत विक्रीला असलेल्या छायाचित्रांच्या फिल्म तपासल्या, त्या किरणांनी धुरकटल्या आहेत का हे पाहायला. तसे काही आढळले नाही.

केमेनी आयोगाचा निष्कर्ष असा, की आरोग्यावरील मुख्य परिणाम मानसिक ताणाचा होता. सर्वांना तो पटला नाही. १९९० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने किरणोत्सार आणि कर्करोग यांत खात्रीलायक संबंध दिसत नसल्याचे म्हटले. १९९७ मध्ये स्टीव्ह विंग आणि सहकाऱ्यांनी त्याच माहितीचे फेरविश्लेषण करून संबंध दिसतो, असा दावा केला. सुमारे दोन हजार रहिवाशांचे दावे १९९६ मध्ये पुराव्याअभावी संघराज्य न्यायालयात फेटाळले गेले. उपलब्ध स्फटिकांच्या नोंदी पाहता मला आयोगाची बाजू अधिक भक्कम वाटते. मात्र अविश्वासाचे मूळ लोकांच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या यंत्रणेने पहिल्याच दिवशी वाफ सोडल्याचे सांगितले नाही, तिच्या आकड्यांवर लोकांनी नंतर का विसंबावे?

१९८० मध्ये नियम बदलले. कोंडकवचातून थेट बाहेर पडणाऱ्या हवेसाठी दर घनसेंटिमीटरला १ लाख मायक्रोक्युरीपर्यंत मोजणारी यंत्रे सक्तीची झाली. महत्त्वाची घटना तासाभरात आयोगाला कळवणे बंधनकारक झाले, त्यासाठी स्वतंत्र फोनवाहिनी आली. आणि आणीबाणी जाहीर झाल्यापासून पंधरा मिनिटांत राज्य व स्थानिक यंत्रणांना कळवण्याची तयारी प्रत्येक प्रकल्पाला ठेवावी लागली.

पण नियमांची खरी परीक्षा त्याच बेटावर व्हायची होती. बंद भट्टीच्या कोंडकवचात क्रिप्टॉन-८५ साठून राहिला होता. त्याचे अर्धायुष्य जवळजवळ ११ वर्षांचे, त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आत जाऊन साफसफाई करायची तर तो बाहेर सोडणे भाग होते. १९८० च्या वसंतात हा प्रस्ताव गावकऱ्यांसमोर आला तेव्हा सभांत संतापाचा उद्रेक झाला. राज्यपालांनी अणुऊर्जेच्या टीकाकारांकडूनच, युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेकडून, मत मागवले. शरीराला अपाय होणार नाही, पण लोकांच्या मनावरील ताण खरा आहे, असा त्यांचा अभिप्राय आला.

मग एक नवा प्रयोग झाला. प्रकल्पाभोवतीच्या बारा गावांतील सुमारे पन्नास रहिवाशांना पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या अध्यापकांनी मापकयंत्रे वापरायला शिकवले. त्यांत गृहिणी होत्या, निवृत्त माणसे होती. २८ जून ते ११ जुलै १९८० या काळात सुमारे ४३ हजार क्युरी क्रिप्टॉन हवेत सोडला गेला. त्या दोन आठवड्यांत या रहिवाशांनी आपापल्या गावात स्वतः मोजणी केली. रोजच्या नोंदी गावच्या कचेरीत लावल्या जात, तेथून वृत्तपत्रांकडे जात. कोणत्या गावचा आकडा कोणता, हे आता विचारावे लागत नव्हते.