कर्त्याचा रकाना

येरमाळ्याच्या (ता. कळंब, जि. धाराशिव) चैत्री यात्रेत येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते, भाविक चुनखडीचे खडे वेचतात, आराधी देवीची गाणी म्हणतात. त्यांतील एखादे गाणे ध्वनिमुद्रित करून संगणकीय संग्रहात ठेवावयाचे झाल्यास त्याची नोंद कशी करावी, हा प्रश्न वरवर ग्रंथालयशास्त्राचा वाटतो. वस्तुतः संहिता कशास म्हणावे, हा साहित्यमीमांसेचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

मराठीतील सूचिपरंपरा मुद्रित ग्रंथाभोवती घडली. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतचे ग्रंथ नोंदविले. हे कार्य एकहाती म्हणावे असेच. पण ग्रंथाला शीर्षक असते, बहुधा कर्ता असतो, मुद्रणाचे साल असते. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन गावी भरलेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ ही मेटाडेटाची, म्हणजे साधनांच्या वर्णनाची, पद्धती निघाली. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक आदी तिचे पंधरा घटकही ग्रंथाचाच वारसा सांगतात. यांपैकी एकही घटक सक्तीचा नाही, हे खरे. तथापि कर्त्याचा रकाना रिकामा राहिला, की तो भरण्याचा मोह होतो. आणि बहुधा तेथे संग्राहकाचे नाव बसते. लोकसाहित्याच्या संकलनांत हे संगणकापूर्वीच घडले होते.

या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांचा जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प मुळातून पाहण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. विषय, उपविषय, त्याखालील सूक्ष्म प्रसंग असे श्रेणीबद्ध वर्गीकरण त्यांनी सिद्ध केले. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने मजकूर व ध्वनी एकत्र बांधणारा संगणकीय संग्रह उभा राहिला आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ तो प्रसिद्ध करू लागले. येथे गाणारीचे नाव, गाव, जात, वय, व्यवसाय हे नोंदीचे अंग होते. जातीचा उल्लेख काहींना खटकेल. परंतु तो गाळला, तर कोणाच्या जात्यावर कोणती ओवी टिकली, हे विचारण्याची सोयच उरत नाही. मात्र गाणारी म्हणजे कर्ती नव्हे. तिने ओवी आईकडून वा सासूकडून घेतलेली असते, आणि दळता दळता तीत एखादे नाव बदललेलेही असते.

१९९८ च्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या प्रारूपात कृती, अभिव्यक्ती, प्रकटरूप आणि प्रत अशी उतरंड आहे. ओवीच्या बाबतीत ती शिखरापाशीच अडते. अभिव्यक्ती असंख्य, पण त्यांच्या मुळाशी असलेली ‘कृती’ ही अभ्यासकानेच कल्पिलेली! डब्लिन कोअरच्या २००५ मधील अमूर्त प्रारूपाने एका वर्णनात एकाच वस्तूचे वर्णन, हे तत्त्व मांडले आणि परस्परसंबद्ध वर्णनांचा संच मान्य केला. ही सोय मौखिक साहित्यास अधिक मानवते. येरमाळ्याच्या त्या गाण्याचे वर्णन मग वेगळे, गाणाऱ्या आराध्याचे वेगळे, ध्वनिफितीचे वेगळे आणि तिच्या संगणकीय प्रतीचे वेगळे. ध्वनिमुद्रणाची तारीख गाण्याला चिकटत नाही, आणि ध्वनिमुद्रण करणारा त्याचा कर्ता ठरत नाही.