एकाच प्रयोगशाळेतली दोन औषधं

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. पण ते भाऊ एकसारखे जुळे होते. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. ज्याला जुळा भाऊ नाही त्याचं काय? हा प्रश्न औषधाचा होता.

उत्तर मिळालं ल्युकेमियाच्या औषधात. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार केलं होतं. परका अवयव दिसला की आपल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. त्यासाठी डीएनए लागतो आणि डीएनएसाठी प्युरिन. हे औषध प्युरिनचं सोंग घेऊन आत शिरतं आणि पेशींची वाढ अडवतं. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन. १९६२ साली मरे यांनी त्याच्या आधारावर मृत दात्याची किडनी टिकवून दाखवली.

आता गंमत पाहा. शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम मर्कॅप्टोप्युरिन मोडून टाकतं. ते अडवलं तर औषध जास्त टिकेल, या विचारातून याच दोघांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलोप्युरिनॉल पुढे आलं. औषधाचा जोर वाढला खरा, पण विषारीपणाही तेवढाच वाढला. मात्र युरिक अ‍ॅसिड बनवणारं एन्झाइमही तेच! म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल गाऊटचं औषध झालं.

गोम इथेच आहे. किडनी बसवलेल्यांना गाऊट पुष्कळदा होतो. अ‍ॅझाथायोप्रिनचा नेहमीचा डोस चालू असताना कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं, तर पहिलं औषध अंगात साचतं, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते आणि जिवावर बेततं. दोन्ही द्यावीच लागली तर अ‍ॅझाथायोप्रिन पाव ते एक तृतीयांशावर आणतात आणि रक्त वारंवार तपासतात.

पुढे सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस आली, तिथे उलटाही धोका आहे. आपल्याकडे टीबी भरपूर. त्यावरचं रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइमं वाढवतं, ही औषधं लवकर मोडली जातात, रक्तातलं प्रमाण घसरतं आणि शरीर किडनी नाकारू शकतं.

एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून आपण एवढं तरी घरी नेऊ या: प्रत्यारोपण झालेल्या माणसाने कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी साध्या दुखण्यासाठी गेलं तरी, आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी आधी पुढे ठेवावी.