गुहेतील मिस्सा आणि बंदीचे वस्त्र

किल्ट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बॅगपाइप वाजवीत चालणारा ताठ मानेचा स्कॉटिश सैनिक. गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा, चौकड्यांचा तो लोकरी पोशाख पाहून मुलांना हसू येते. परंतु एके काळी हा पोशाख अंगावर असणे हाच गुन्हा होता, आणि पवित्र मिस्सा हाही गुन्हाच होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात या दोन्ही गुन्ह्यांना आसरा दिला तो तेथील गुहांनी.

आजचा आटोपशीर किल्ट हा धाकटा भाऊ. तो अठराव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाला. थोरला म्हणजे चार-पाच वार लांबीचे, दोन पट्ट्या जोडून रुंद केलेले जाड लोकरी कापड. ते चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. रात्री पट्टा सोडला की त्याचेच अंथरूण-पांघरूण होई. आपल्या धनगराची घोंगडी ज्याने पाहिली आहे त्याला हे अधिक सांगायला नको. गुहेत शिरणारा डोंगरी माणूस आपले बिछान्याचे सामान अंगावर नेसूनच शिरत असे.

पश्चिम किनाऱ्यालगत एग नावाचे छोटे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर दोन गुहा जवळजवळ आहेत. पहिलीचे तोंड इतके ठेंगणे की रांगत आत जावे लागते. आत मात्र ती प्रशस्त होत जाते. परंपरा सांगते की १५७७ च्या हिवाळ्यात स्काय बेटावरील मॅक्लाउड कुळाचे लोक सूड घेण्यासाठी चालून आले, तेव्हा एगवरील मॅक्डोनल्ड कुळातील बायकामुले, म्हातारेकोतारे या गुहेत लपले. बर्फात उमटलेल्या एका पाऊलखुणेने त्यांचा घात केला. शत्रूने गुहेच्या तोंडाशी जाळ केला आणि धुराने सारे गुदमरून मेले. त्यांची संख्या ३९५ सांगितली जाते. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट १८१४ साली तेथे गेले आणि येताना एक कवटी घेऊन आले. आम्हांस ही गोष्ट मुळीच आवडत नाही. पण त्या काळच्या विद्वानांची ही रीतच होती. २०१६ साली तेथे पुन्हा काही हाडे सापडली. त्यांचा काळ १४३० ते १६२० च्या दरम्यानचा ठरला, म्हणजे परंपरेने सांगितलेले वर्ष त्यात बसते.

शेजारची दुसरी गुहा उंच तोंडाची. तिचे गेलिक भाषेतील नाव भक्तीच्या गुहेचे आहे. १७४५ च्या बंडानंतरच्या छळाच्या काळात बेटावरचे कॅथोलिक येथे मिस्सासाठी जमत. भरतीच्या वेळी तिकडची वाट पाण्याखाली जाऊ शकते, म्हणून ओहोटी पाहूनच निघावे लागते. हे गणित आपल्या किनारपट्टीच्या वाचकांना पाठ आहे. उपासनेची वेळ तेथे घंटेने नव्हे, समुद्राने ठरवली असणार. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १५६० सालीच मिस्साला बंदी घातली होती. पहिल्या अपराधाला मालमत्तेची जप्ती, दुसऱ्याला हद्दपारी, तिसऱ्याला मृत्युदंड असा तो कायदा होता.

गुहांचा थांग लावायला निघालेल्यांच्या लोककथाही तेथे पुष्कळ. किल्ट नेसलेला एक वादक बॅगपाइप वाजवीत, कुत्रा बरोबर घेऊन गुहेत शिरतो. वर जमिनीवर लोक कान देऊन त्या सुरांच्या मागे मागे चालतात. एका जागी सूर थांबतो. काही वेळाने कुत्रा एकटाच बाहेर येतो, आणि त्याच्या अंगावर केस उरलेला नसतो. ही कथा अनेक गुहांच्या नावे सांगतात. ज्या लोकांनी गुहेत आपली माणसे गमावली होती, त्यांना ती निव्वळ करमणूक वाटली नसावी.

१७४५ साली राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट गेलेली गादी मिळवायला फ्रान्समधून आले. १९ ऑगस्टला ग्लेनफिनन येथे ध्वज उभारला गेला आणि त्याला बिशप ह्यू मॅक्डोनल्ड यांनी आशीर्वाद दिला. राजपुत्र कॅथोलिक होते हे खरे. परंतु हा सारा लढा कॅथोलिकांचा होता असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या सैन्यात इतर पंथांचे लोकच अधिक होते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे सारे संपले.

त्यानंतर पाच महिने राजपुत्र रानोमाळ हिंडत होते. त्यांच्यावर ३०,००० पौंडांचे बक्षीस होते. ग्लेनमॉरिस्टनच्या सात माणसांनी त्यांना डोंगरातील एका गुहेत ठेवले; उशाशी झरा वाहत होता. ऑगस्टमध्ये त्यांना भेटलेल्या एका पाद्रींनी त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. पाय अनवाणी, जुना काळा अंगरखा, किल्ट, मळका सदरा आणि वाढलेली तांबडी दाढी. त्या सात गरीब माणसांपैकी एकानेही बक्षिसाकडे पाहिले नाही. २० सप्टेंबरला राजपुत्र लोख नान उआव येथून फ्रेंच जहाजात चढले. या नावाचा अर्थच गुहांची खाडी असा आहे.

दुसऱ्या एका गुहेची आठवण आम्हांस अधिक मोलाची वाटते. लोकील येथील कॅमेरन कुळप्रमुखाचे बंधू अलेक्झांडर हे कॅथोलिक होऊन येशूसंघात दाखल झाले. ग्लेन कॅनिक खोऱ्यात एका प्रचंड शिळेखालच्या पोकळीत ते आपल्या धर्मबंधूंसह राहिले आणि तेथून श्रद्धावंतांची सेवा करीत राहिले. कलोडननंतर ते पकडले गेले आणि १७४६ च्या ऑक्टोबरमध्ये थेम्स नदीतील कैद्यांच्या जहाजावर मरण पावले. ज्यांच्यासाठी एवढे रक्त सांडले त्या राजपुत्रांनी १७५० साली लंडनमध्ये गुपचूप येऊन, गादीच्या आशेने, अँग्लिकन पंथ स्वीकारला. पुढे ते कॅथोलिक श्रद्धेकडे परतले. फादर कॅमेरन यांना मात्र परतावे लागले नाही.

विजेत्यांचा रोख आता कपड्यांवर वळला. १७४६ च्या कायद्याने किल्ट व चौकड्यांचा पोशाख १ ऑगस्ट १७४७ पासून निषिद्ध ठरला. पहिल्या वेळी सहा महिने कैद, दुसऱ्या वेळी सात वर्षे समुद्रापलीकडील मळ्यांवर रवानगी. सवलत होती ती राजाच्या सैन्यातील शिपायांना. ज्या वस्त्रात शत्रू लढला तेच वस्त्र नेसून त्याच्या मुलांनी आता राजासाठी लढावे, असा हा व्यवहार. या डोंगरी पलटणी जगभर गेल्या. १८०३ साली आपल्या जालन्याकडील असईच्या रणभूमीवर ७८ वी हायलँड पलटण लढली ती त्यांतलीच.

वस्त्रावरची बंदी १७८२ साली उठली. स्कॉटलंडमधील कॅथोलिकांना कायद्याने पहिला दिलासा मिळाला तो १७९३ साली. कापड अकरा वर्षे आधी सुटले, प्रार्थना मागाहून. कापड सैन्याच्या कामाचे होते; मिस्सा कोणाच्याच कामाची नव्हती. १८२२ साली राजे चौथे जॉर्ज एडिंबरोस आले तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ट परिधान केला. तो समारंभ आखणारे गृहस्थ म्हणजे एगच्या गुहेतून कवटी आणणारे सर वॉल्टर स्कॉट. त्या समारंभाच्या दिवशीही कॅथोलिक माणसाला पार्लमेंटात बसण्याची मनाई होती, आणि ती उठायला १८२९ साल उजाडावे लागले.